भाक, वायदा, पैसेवारी : भाकिताची वऱ्हाडी कुळकथा

मृग लागायच्या आधी वऱ्हाडातल्या कुठल्याही पारावर एक प्रश्न ऐकू येतो : "यंदा पाऊस कसा राहीन?" उत्तर येतं : "येईन, बराबर येईन." पुण्यामुंबईच्या कानाला हे क्रियापद खटकतं. प्रमाण मराठीत 'येईन' हे रूप 'मी'साठी राखलेलं आहे; मी येईन, पण तो येईल. वऱ्हाडीत मीही येईन, तोही येईन, पाऊसही येईन आणि पीकही होईन. स्वतःबद्दल शब्द देताना माणूस जे रूप वापरतो, तेच तो ढगाबद्दल आणि कपाशीबद्दल बोलताना वापरतो.

हा बोलीचा साधा विशेष आहे. पण 'भाकीत' या शब्दाचं कूळ शोधायला बसलं, की हे रूप पुन्हापुन्हा आठवतं. कारण त्या शब्दाच्या पोटातही एक वचन दडलेलं आहे.

भाक म्हणजे वचन. 'भाक देणे', 'भाक घेणे' हे आपल्या जुन्या मराठीतले वजनदार शब्दप्रयोग. भाका म्हणजे बोली, भाषा. भाकणे म्हणजे बोलून टाकणे; देवापुढे करुणा भाकायची ती याच क्रियापदाने आणि पुढचं सांगायचं तेही याच क्रियापदाने. कोशकार या सगळ्या घराण्याचं नातं संस्कृतातल्या 'भाष्' या धातूशी लावतात. भाकीत म्हणजे भाकलेलं, तोंडातून उच्चारलेलं. ज्या समाजात शब्द दिला की तो पाळायचा असतो, तिथे भविष्याबद्दल उच्चारलेलं वाक्यही बोलणाऱ्याला चिकटून राहतं. भाकीत आणि भाक एका पंगतीला बसतात ते याच नात्याने.

वऱ्हाडातलं सर्वांत गाजलेलं भाकीत बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला होतं. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही घटमांडणी सुरू केली असं परंपरा सांगते आणि त्यांच्या वंशजांनी ती चालू ठेवली आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोल घट आखतात. कडेने अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, आणि पुरी, पापड, करंजी, कुरडई असे पदार्थ. विड्याचं पान-सुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कुठलं धान्य जागचं हललं, कुठलं ढेकूळ किती भिजलं हे पाहून पीक, पाऊस आणि राज्य यांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून शेतकरी आलेले असतात.

रात्रीत हललेल्या दाण्यावरून पाऊस कळत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने यावर आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत. पण भाकिताच्या कुळकथेत भेंडवळला जागा द्यावी लागते ती त्याच्या घडणीमुळे. जागा ठरलेली आहे, दिवस ठरलेला आहे, सांगणारं घराणं ठाऊक आहे, आणि विषय नावानिशी मोजलेले आहेत. गेल्या वर्षी तुरीबद्दल काय सांगितलं होतं, हे यंदाच्या गर्दीतला कुणीही उभा राहून विचारू शकतो. हा चुकीचा मार्ग आहे, पण त्याला पत्ता आहे.

वऱ्हाडात दुसरा शब्द आला तो कापसाबरोबर. वायदा हा मुळात अरबी शब्द, त्याचा अर्थही वचनच. मराठीत तो मुदतीच्या अंगाने रुळला, आणि कापसाच्या पेठेत पुढच्या तारखेच्या भावाने आज केलेला सौदा म्हणजे वायदा झाला. कपाशीचं रोप गुडघाभर असताना तिच्या रुईचा भाव बोलायचा, हे उघडउघड भाकीतच. पण त्यात तीन गोष्टी पक्क्या : भाव, तारीख आणि चुकलं तर खिशातून जाणारे पैसे. भाक धर्माच्या धाकाने पाळली जायची, वायदा पैशाच्या धाकाने.

तंत्रज्ञान येईल आणि आयुष्य पालटेल, हे भाकीतही वऱ्हाडाने याच पेठेत ऐकलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला, तेव्हा 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे गेला. मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावच्या फाट्याचं उद्घाटन केलं. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या दुकानात कळू लागला. सरकारचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक या बदलाबद्दल मोठ्या उत्साहाने लिहीत होता. आगगाडी आणि तार आली, आता रयत सुखी होणार, असा सरकारी सूर होता.

कपाशीचा पेरा वाढला, खाण्याचं धान्य मागे सरलं, आणि 1899-1900 च्या दुष्काळात हाच सुपीक मुलूख अन्नान्न झाला. यंत्राबद्दलचं भाकीत चुकलं नव्हतं. तारेने भाव खरोखरच आणला. पण तार व्यापाऱ्याच्या पेढीपर्यंत आली, कुणब्याच्या ओट्यापर्यंत आली नाही. भाकीत कुणाच्या अंगणात खरं होणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरा शब्द सरकारी दप्तरातला : पैसेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती आणेवारी होती, दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. भरघोस पिकाच्या तुलनेत गावाचं यंदाचं पीक किती पैसे, ते सांगायचं. 50 च्या खाली गेली की सारामाफी, परीक्षा शुल्काची सूट, कर्जाची फेरमांडणी या गोष्टी बोलल्या जातात. म्हणून अमरावती-अकोल्याची वर्तमानपत्रं हा आकडा पहिल्या पानावर छापतात. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती तिच्या पायऱ्या. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून बांधलेला अंदाज. ऑक्टोबरअखेर सुधारित. डिसेंबरअखेर अंतिम, आणि तिच्यामागे पीक कापणी प्रयोग : ठरावीक तुकड्यातलं पीक कापून, मळून, तोलून घ्यायचं. एकच भाकीत तीनदा, तारीखवार, त्याच गावाच्या नावावर. पहिला आकडा चुकला असेल तर दुसरा तसं कागदावर सांगतो. आकड्यांवरून भांडणं होतात, मोर्चे निघतात, पण भांडायला आकडा असतो.

भाक, वायदा आणि पैसेवारी ही तीन मापं हातात घेऊन आपल्या काळातल्या भाकितांकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं. नवं उपकरण येण्याआधी त्याचं भाकीत येतं, आणि त्याच्यावर शाळांचे, पंचायतींचे, घरांचे पैसे लागतात.

टॅब्लेटचंच घ्या. 1972 मध्ये ॲलन के या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 'डायनाबुक' नावाची कल्पना मांडली. वहीएवढं, दोन किलोंच्या आतलं, 500 डॉलरांच्या आसपासचं यंत्र, आणि तेही मुलांसाठी. हे काही मोघम स्वप्न नव्हतं. आकार, वजन, किंमत, सगळं लिहून दिलेलं होतं. जानेवारी 2010 मध्ये आयपॅड जाहीर झालं तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत 499 डॉलर होती आणि वजन किलोपेक्षा कमी. मधल्या महागाईचा हिशेब धरला तर के यांच्या मापापेक्षाही स्वस्त. नजरअंदाज पैसेवारी इतकी जुळलेली क्वचितच दिसते. पण के यांनी मुख्य भाक वेगळीच दिली होती : मूल त्या पाटीवर स्वतःचे प्रोग्रॅम लिहील, गणित आणि संगीत घडवून पाहील. बाजारात आलेली पाटी मुख्यतः पाहण्यासाठी वापरली गेली. यंत्राचा आकडा भरला, पण त्यातून जे पीक यायचं म्हटलं होतं ते आलं नाही.

आपल्याकडे याच सुमारास 'आकाश'चं भाकीत झालं. जुलै 2010 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 35 डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला. ऑक्टोबर 2011 मध्ये 'आकाश' जाहीर झालं; सात इंची पडदा, सरकारला पडणारी किंमत 2,276 रुपये. संगणक आता विद्यार्थ्याच्या दप्तरात येणार, असं देशभर बोललं गेलं. पहिली आवृत्ती मंद होती, तिचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे. नोव्हेंबर 2012 मध्ये सुधारित 'आकाश 2' आलं. त्यानंतर ती योजना हळूहळू विरली. वऱ्हाडातल्या मुलाच्या हातात पुढे जे आलं ते स्वस्त स्मार्टफोनच्या रूपाने, आणि सप्टेंबर 2016 नंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले तेव्हा. पाटी येणार हे खरं ठरलं. ती कुठल्या रूपात, कुणाच्या पैशाने आणि कशासाठी येणार, हे तिन्ही चुकलं. आणि 'आकाश'ची अंतिम पैसेवारी कुणी जाहीर केल्याचं आठवत नाही. पहिल्या दिवशी छायाचित्रं निघाली, शेवटच्या दिवशी कुणी आलं नाही.

शोधाच्या साधनांची गोष्ट निराळी आणि मला अधिक जवळची. 'शोध' हा आपला शब्दच विलक्षण आहे. हरवलेल्या वस्तूचा शोध घ्यायचा, नव्या वस्तूचा शोध लावायचा. धुंडाळणं आणि घडवणं, दोन्हींना एकच नाव. जुलै 1945 मध्ये व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने 'मेमेक्स' नावाचं टेबल कल्पिलं : सूक्ष्म फिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं-पत्रं साठवलेली, आणि एका मजकुरावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा त्याने स्वतः बांधलेल्या. टेबल कधी आलं नाही, वाटा मात्र आल्या. आज आपण दुव्यांवरून रोज चालतो.

पण त्याच्या आधी अमरावतीच्या शाळेत शिकलेल्या एका माणसाने मराठीला तशा वाटा बांधून दिल्या होत्या. श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म 1884 चा, रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीत. कॉर्नेल विद्यापीठातून 1911 मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि मराठीत ज्ञानकोश होईल असं त्यांनी भाकलं. नुसतं भाकलं नाही. नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. म्हणजे भाकिताला वायद्याची बैठक दिली : लोकांचे पैसे घेतले, आता ग्रंथ देणं भाग होतं. 1920 च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड निघाले, आणि त्यांत सूचीसाठी स्वतंत्र खंड होता. कुठला विषय कुठे सापडेल हे सांगणारा तो खंड म्हणजे मराठीतलं शोधाचं साधनच. आज ते खंड संगणकावर शोधता येतात. केतकरांना संगणकाची कल्पना नव्हती, पण 'जे आहे ते सापडलं पाहिजे' ही भाक त्यांनी दिली आणि पाळली.

ऑगस्ट 2017 मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून शोधण्याची सोय दिली. ज्याला टंकलेखन येत नाही अशा माणसाला कापसावरच्या बोंडअळीबद्दल फोनला विचारता येऊ लागलं. ही मोठी गोष्ट आहे. पण मराठीत उत्तरं असतील तरच मराठीत विचारण्याला अर्थ. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून याच मातीवर संशोधन करतं आहे. ते संशोधन मराठीत आणि शोधता येईल अशा रूपात जितकं ठेवलं जाईल, तितकंच शोधयंत्र शेतकऱ्याला देऊ शकेल. शोधयंत्राबद्दलचं भाकीत अर्धं आपल्याच हातात आहे. तार पेढीपर्यंत येऊन थांबली होती, हे इथे विसरून चालणार नाही.

आता बोलणारं, लिहिणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं आहे आणि भाकितांचा नवा हंगाम सुरू झाला आहे. शाळा बदलतील, शेती बदलेल, नोकऱ्या जातील किंवा वाढतील. ऐकताना घाबरूनही जायचं नाही, भुलूनही जायचं नाही. आपल्या मुलखातली मापं लावायची. सांगणारा कोण, आणि पुढच्या वर्षी तो याच जागी सापडेल का? चुकलं तर त्याचं काय जातं? मुदत काय? ते कुणाच्या अंगणात खरं होणार? आणि सर्वांत महत्त्वाचं : सुधारित आणि अंतिम आकडा कोण सांगणार, पीक कापणी प्रयोग कोण करणार?

प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी एक वही असावी. पहिल्या रकान्यात यंत्र घेताना दिलेलं भाकीत, शब्दशः. दुसऱ्यात वर्षभराने काय झालं. तिसऱ्यात तीन वर्षांनी काय उरलं. यंत्र घेताना नारळ फुटतो तेव्हा त्याच दिवशी पहिला रकाना भरावा, आणि खाली बोलणाऱ्याची सही घ्यावी. वही फार जाड लागणार नाही. पण पुढच्या वेळी कुणी 'येईल' म्हणाला, की आपल्याला त्याला आपल्या बोलीत विचारता येईल : येईन म्हणतोस का, बापा?