लहान उपकरणांची कूटविद्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (१९९४ ते २०२५)

प्रस्तावना :
आंतरजालाशी जोडलेल्या उपकरणांची स्मृती अल्प, वीज मोजकी आणि किंमत कमी असते. संगणकासाठी घडविलेली कूटपद्धती त्यांत जशीच्या तशी बसविणे अवघड जाते. या अडचणीतूनच 'हलकी कूटविद्या' ही स्वतंत्र अभ्यासशाखा उदयास आली. ही उपकरणे असुरक्षित राहिली ती गणित दुबळे होते म्हणून, की ते वापरण्याची रीत सदोष होती म्हणून, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुप्ततेचा मोह :
पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. उद्योगविश्वाने मात्र ते फारसे मनावर घेतले नाही. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या 'मायफेअर क्लासिक' या बिनस्पर्शी कार्डातील 'क्रिप्टो-१' पद्धत निर्मात्यांनी गुप्त ठेवली. तिची किल्ली अवघी ४८ बिटांची होती. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील परिषदेत कार्स्टेन नोल व हेन्रिक प्लोट्झ यांनी या चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन तिची अंतर्गत रचना उलगडल्याचे दाखविले. पुढे नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांचा निबंध रोखण्यासाठी निर्माती कंपनी न्यायालयात गेली. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने प्रकाशनास मुभा दिली. संशोधनस्वातंत्र्याच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व त्या कार्डाहून मोठे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खुली परीक्षा :
२००७ मध्येच 'प्रेझेंट' ही कूटपद्धती प्रसिद्ध झाली. एईएस या प्रमाण पद्धतीची तत्कालीन आटोपशीर मांडणी सुमारे ३४०० तर्कद्वारांची जागा घेई. 'प्रेझेंट'ने ते काम सुमारे १५७० मध्ये आणले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 'सायमन' व 'स्पेक' या पद्धती पूर्णपणे उघड केल्या. तथापि त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन यांनी केलेल्या गौप्यस्फोटांमुळे रचनाकारांवरील विश्वासच डळमळला होता. हलक्या कूटपद्धतींच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचा समावेश करण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये बारगळला. पद्धत खुली असणे पुरेसे नसते, तिची निवडही खुली असावी लागते, हा धडा येथे मिळतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यानंतर जागतिक स्पर्धा घेतली. ५७ प्रस्ताव आले, २०२१ मध्ये १० अंतिम फेरीत उरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'अॅस्कॉन' निवडली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले.

किल्लीचा प्रश्न :
गणिताची ही प्रगती नि:संशय गौरवास्पद होय. परंतु २०१६ च्या घटना वेगळेच सांगतात. 'मिराई' या घातक प्रणालीने कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले ते कोणतीही कूटपद्धती न फोडता. कारखान्यातूनच आलेल्या सुमारे ६० नाव-संकेतशब्दांच्या जोड्या तिला पुरल्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्याने अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली.

त्याच वर्षीचे फिलिप्स ह्यू दिव्यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. त्यांत एईएस होती आणि ती अभंगच राहिली. मात्र एका प्रकारच्या सर्व दिव्यांना अद्ययावत करणारी किल्ली एकच होती. एयाल रोनेन, आदी शमीर व सहकाऱ्यांनी दिव्याच्या वीजवापरातील सूक्ष्म चढउतार मोजून ती मिळविली. मग तीच त्या प्रकारच्या प्रत्येक दिव्याला लागू पडली. साऱ्या आळीच्या कुलपांना एकच किल्ली लावावी, तसा हा प्रकार! प्रबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी कंपनीने दुरुस्ती पाठविली, हे येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

सर्व उपकरणांना एकच सोपा संकेतशब्द देण्याच्या प्रथेस अखेर कायद्यानेच आळा घातला. कॅलिफोर्नियात असा कायदा १ जानेवारी २०२० पासून, तर ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला.