पत्तूरचा नटराज

तंजावर म्हटले, की आपणां मराठी माणसांस भोसल्यांचे राज्य व सरस्वती महाल आठवतो. त्याच तंजावर जिल्ह्यात पूर्वी मोडणाऱ्या पत्तूर गावची ही हकिकत आहे.

१९७६ मध्ये तेथील भग्न विश्वनाथस्वामी मंदिरापाशी खणताना एका मजुरास पुरलेल्या चोलकालीन धातुमूर्ती सापडल्या. त्यांतील नटराज चोरवाटेने लंडनला गेला. १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तो विकत घेतला. दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी तो जप्त केला.

परंतु ही मूर्ती पत्तूरचीच कशावरून? साक्ष दिली ती मातीने. त्याच ठेव्यातील अन्य मूर्ती हाती आल्या होत्या. त्यांची घडण, धातू, अंगावरील माती, इतकेच नव्हे तर वाळवीच्या खुणाही तज्ज्ञांनी नटराजाशी ताडून पाहिल्या.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. जेथे पूजाअर्चा उरली नाही, त्या मंदिराचा धनी कोण? आपल्याकडे देवस्थानाचे इनाम देवाच्याच नावे चालते, हे आपण जाणतोच. भारतीय कायदा देवाला व्यक्ती मानतो. १९८८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मंदिराच्या बाजूने कौल दिला. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी नटराज तमिळनाडूत परतला.

भिंती ढासळल्या, नंदादीप विझला, तरी देवाचा हक्क विझत नाही. मात्र तो सिद्ध करण्यासाठी मागे राहिलेली माती कोणीतरी जपावी लागते.