गाडीच्या स्मार्ट चावीतला सेल संपला तर काय करायचं?

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आता परभणी शहरातच नाही, तर सेलू, पाथरी, जिंतूरलाही दिसतात. चावी खिशातच राहते, म्हणून तिच्यात सेल असतो हे लोक विसरून जातात. मग एक दिवस दार उघडत नाही आणि कुणीतरी सांगतं, "नवी चावी कोडिंग करून घ्यावी लागेल, काही हजार लागतील." बहुतेक वेळा तसं काही नसतं. चावीचा कोड सेल काढल्याने पुसला जात नाही. नवा सेल शंभर रुपयांच्या आत घड्याळवाल्याकडे मिळतो.

सेल संपत आल्याची खूण आधीच मिळते. लांबून उघडणारं दार जवळ गेल्यावरच उघडतं, बटण दोन-तीनदा दाबावं लागतं, किंवा मीटरवर चावीचा इशारा येतो. दुसरी चावी नीट चालत असेल तर दोष पहिल्या चावीत आहे. पण मीटरचे दिवेच मंद असतील, तर गाडीची १२ व्होल्टची मोठी बॅटरी तपासा.

रस्त्यातच अडकलात तर घाबरू नका. चावीच्या कडेला छोटी कळ असते, ती सरकवली की आतून लोखंडी चावी निघते. तिने दार उघडा. काही गाड्यांत तेव्हा अलार्म वाजतो, वाजू द्या. मग क्लच किंवा ब्रेक दाबून स्मार्ट चावीच स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. चावीतली एक चिप सेलशिवाय, गाडीकडून मिळणाऱ्या लहरींवर चालते, म्हणून हे जमतं. काही गाड्यांत चावी ठेवायला वेगळी जागा असते. गाडीसोबतचं पुस्तक एकदा घरीच चाळून ठेवलेलं बरं.

सेल घेताना त्यावरचा नंबर पाहूनच घ्या. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचे, तरी पातळ सेल जाड्याच्या जागी ढिला बसतो. दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नका.

बदलताना लोखंडी चावी काढा, त्या जागेच्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हळूच पिळा. जुन्या सेलची अधिक खूण कुठल्या बाजूला होती ते बघा, मोबाइलवर फोटोच काढा. नवा सेल कडांनी धरून तसाच बसवा. रबराची पट्टी असेल तर ती जागेवर आहे ना, बघून झाकण दाबा.

मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो तेव्हा चावी डॅशबोर्डवर ठेवू नका. टीव्ही, चार्जर यांच्या शेजारीही नको. सेल लवकर उतरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात लहान मूल असेल तर नवा काय, जुना काय, सेल त्याच्या हाती लागता कामा नये. २० मिलिमीटरचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांतच आतून गंभीर भाजतं. "संपलेला" सेलही हे करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थांबून पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.