कुलाब्याचे अफगाण चर्च आणि भिंतीवरील नावे

मुंबईस सहल गेली की विद्यार्थी राजाबाई टॉवर आणि बोरीबंदर डोळे भरून पाहतात. कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडील अफगाण चर्चकडे सहसा कोणी वळत नाही. आमच्या मोहगावच्या मुलांना एका वर्षी मी मुद्दाम तेथे नेले.

पहिले अफगाण युद्ध (१८३८–४२) आणि सिंधची मोहीम यांत कामी आलेल्यांचे हे स्मारक होय. आराखडा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरचा. विहार तलावाचे पाणी मुंबईस आणण्याची योजनाही याच गृहस्थाची. आतील सजावट लंडनच्या विल्यम बटरफील्डची. उंच टोकदार कमानी आणि रंगीत काचा पाहता, इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर त्याच काळी उभ्या राहिलेल्या चर्चांचे हे भावंड शोभते. अंगावरचा पिवळसर बेसाल्ट मात्र इथलाच. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी त्याचे पवित्रीकरण केले. तेव्हा लखनौ अद्याप इंग्रजांच्या हाती परत आले नव्हते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. मनोरा १८६५ साली पुरा झाला आणि त्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी द्रव्य दिले. सुमारे १९८ फुटांचा हा मनोरा पुढे जहाजांना खुणेसारखा उपयोगी पडला.

वास्तू सुंदर आहे, यात वाद नाही. माझे मन अडले ते भिंतींवरील संगमरवरी पाट्यांपाशी. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. हवालदार-शिपाई मात्र संख्येने फार, म्हणून त्यांची नावे देता येत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर आहे. या शिपायांत हिंदी शिपाई धरले आहेत की नाहीत, हेही त्यावरून कळत नाही. वास्तविक १८४० साली बलुचिस्तानातील काहून किल्ला मे ते सप्टेंबरपर्यंत लढवला तो कॅप्टन लुई ब्राऊनच्या हाताखालील मुंबई फौजेच्या पाचव्या हिंदी पलटणीने. जागा नव्हती म्हणावे, तर याच कंपनी सरकारने १८२१ पासून कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे, ‘नाक’ प्रत्ययाच्या महार नावांसह, इंग्रजीत व मराठीत कोरली होती. त्या स्तंभामागे साम्राज्याचा हेतू होताच. पण नावे राहिली.

माझ्या वर्गातील एका मुलाने पाट्या वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि विचारले, “गुरुजी, यात आपल्याकडचे कोणी नाही का?” मी त्याला कोरेगावच्या स्तंभाविषयी सांगितले. पुढल्या सहलीचा मार्ग त्याच दिवशी ठरला.