मिरें आणि मिरची

आपल्या घरांतील मिसळणाच्या डब्यांत दोन तिखट वस्तु जवळजवळ नांदत असतात. एक मिरें आणि दुसरी मिरची. नांवें ऐकून कोणासहि वाटावें कीं हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें असावींत. वस्तुतः त्यांचें कांहींएक नातें नाहीं. मिरें हें नागवेलीच्या व पिंपळीच्या कुळांतलें. मिरची ही वांगें, बटाटा व टोमॅटो यांच्या कुळांतली. पहिल्याची जन्मभूमि मलबारचीं डोंगराळ अरण्यें, दुसरीची अमेरिका खंड. दोहोंनाहि उष्ण हवा लागते आणि दंव दोहोंनाहि सोसत नाहीं, एवढेंच काय तें साम्य. बाकीच्या गरजा इतक्या भिन्न आहेत कीं, त्या भिन्नतेनेंच दोहोंचे इतिहास निरनिराळे घडविले असें माझें मत आहे, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मिरवेल मोठी मानी. तिला चढावयास पांगारा, फणस, आंबा किंवा सुपारी असा आधार पाहिजे. डोक्यावर पातळ सांवली, मुळाशीं पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत माती, आणि वर्षाकांठीं ८० ते १२० इंच पाऊस. पाणी भरपूर हवें, पण तुंबलेलें चालत नाहीं. तुंबलें कीं मूळ कुजतें आणि सारी वेल थोड्याच दिवसांत मान टाकते. छाट लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षीं पहिले घोस दिसतात आणि वेल भरांत येण्यास सात-आठ वर्षें लागतात. फुलोऱ्यावर हलका पाऊस पडला म्हणजे पराग घोसावरून खालीं ओघळतो, म्हणजे फळ धरण्याच्या कामींहि पावसाचेंच साह्य. दाणे हिरवे असतांच तोडून उन्हांत वाळविले कीं काळीं मिरीं होतात. पिकूं देऊन साल काढली कीं पांढरीं. वेल तीच.

इतक्या मागण्यांची वेल सर्वत्र थोडीच होणार? प्राचीन काळीं ती मुख्यतः आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागांत पिकत असे, आणि जगाला तेथें यावें लागे. संस्कृत कोशांत मिऱ्यास 'यवनप्रिय' असेंच एक नांव आहे. मुझिरिस बंदरांतून हीं मिरीं रोमला जात. इ. स. ७९ मध्यें वारलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकारानें तक्रार केली आहे कीं, हिंदुस्थान आपल्या साम्राज्यांतून दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ज्या फळांत तिखटपणाखेरीज दुसरा गुण नाहीं तें लोक सोन्यारुप्यासारखें तोलून घेतात याचें त्याला नवल वाटे. काळ्या मिऱ्यांचा भाव तो रत्तलास ४ दिनार असा देतो. पुढें इ. स. ४०८ मध्यें गॉथांचा राजा अलारिक यानें रोमला वेढा घातला, तेव्हां मागितलेल्या खंडणींत सोनें, रुपें व रेशीम यांच्या जोडीला ३००० रत्तल मिरीं होतीं. हा प्रसंग वर्गांत सांगितला कीं मुलें हंसत. मग मी विचारीत असें, "तुमच्या घरीं मिरीं किती आणि मिरच्या किती येतात?" त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां अर्धा तास सहज निघून जाई.

वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतजवळ उतरला तो ह्याच व्यापाराच्या शोधांत. १५१० मध्यें गोवें पोर्तुगिजांच्या हातीं गेलें. गोव्याच्या दक्षिणेस गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिच्या मुलखांतून मिरीं बाहेर जात, म्हणून पोर्तुगीज तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत. केरळांत एक आख्यायिका आहे. पोर्तुगिजांनीं मिरवेलीचीं रोपें नेण्याची परवानगी मागितली तेव्हां दरबारी मंडळी घाबरली. पण सामुरी राजा शांतपणें म्हणाला कीं, वेली खुशाल नेऊं द्या, आपला तिरुवातिरेचा पाऊस कांहीं त्यांस नेतां येणार नाहीं. तिरुवातिरा म्हणजे आपलें आर्द्रा नक्षत्र. गोष्ट खरी असो वा नसो, शेतकीचें मर्म तींत आहे. मिरवेल देशाबाहेर गेलीच नाहीं असें नव्हे. सुमात्रा व जावा येथें ती फार पूर्वीं पोंचली आणि आज व्हिएतनाम मिऱ्यांच्या उत्पादनांत सर्वांच्या पुढें आहे. पण जेथें ती रुजली तेथें उष्णता व मुबलक पाऊस हीं होतींच. लिस्बनच्या परसांत ती लावतां येईना, म्हणून तर जहाजें, वखारी आणि तोफा!

आतां मिरचीकडे वळूं. १४९२ मध्यें कोलंबस निघाला तोहि पूर्वेकडील मसाल्यांच्या आशेनें. मिरीं त्याला मिळालीं नाहींत. वेस्ट इंडीज बेटांतील लोक खात तें तिखट फळ मात्र मिळालें, आणि १४९३ च्या जानेवारींत तें मिऱ्यांहून सरस असल्याची नोंद त्यानें केली. मेक्सिकोंत तर लोक हजारों वर्षें मिरची लावीत आले होते. पुढें अवघ्या पन्नास वर्षांत काय झालें पाहा. १५४२ मध्यें लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानें आपल्या वनस्पतिग्रंथांत मिरचीचें चित्र छापलें आणि तिला नांव दिलें 'कालिकतचें मिरें'. अमेरिकेचें झाड एका विद्वानास मलबारचें वाटलें!

मिरचीचें बीं चिमूटभर पुडींत मावतें. गादीवाफ्यावर टाकावें, सहा आठवड्यांनीं रोपें हलवावींत, आणि त्यापुढें दोन-अडीच महिन्यांत तोडणीस आरंभ. सांवली नको, ऊन हवें. पाऊस ३० इंच झाला तरी पुरे, न झाला तर विहिरीचें पाणी. पाणी तुंबणें तिलाहि मानवत नाहीं, आणि फुलकिडे व पांढरी माशी यांच्यामुळें पानें आक्रसून बोकड्या पडतो, हें दुखणें खरें. पण पीक बुडालें तर पुढच्या हंगामांत पुन्हां लावावें; मिरवेलीसारखीं सात वर्षें वायां जात नाहींत. शिवाय तिचा तिखटपणा पांखरांस लागत नाहीं; तीं फळ गिळतात आणि बीं दूरवर टाकतात. ज्या झाडाचें बीं पांखरांच्या पोटांतून जातें त्यावर जकात कोणी बसवावी? मिऱ्यांसाठीं लढाया झाल्या व त्यांचे हिशेब राहिले. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आमच्या किनाऱ्यास लागली, पण कोणत्या वर्षीं, कोणत्या बंदरांत, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

लोकांनीं तिच्यासाठीं अगदीं नवें नांवहि शोधलें नाहीं. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरें, त्याचीच 'मिरची' झाली. कोंकणींत 'मिरसांग', म्हणजे मिऱ्याची शेंग. तमिळांत 'मिळगु' वरून 'मिळगाय', कन्नडांत 'मेणसु' वरून 'मेणसिनकायि'. उत्तरेकडे तर घरच्या धन्यासच ओळख सांगावी लागते. तेथें नुसती 'मिर्च' म्हटलें कीं मिरची समजतात, आणि मिऱ्यांस 'काली मिर्च' म्हणावें लागतें.

येथें एक शंका पुष्कळांच्या मनांत येईल. सांवता माळ्याच्या नांवावरील प्रसिद्ध अभंगांत मळ्यांतील भाजीपाल्यांत मिरचीचें नांव येतें. सांवतोबांनीं १२९५ मध्यें समाधि घेतली. म्हणजे कोलंबसाच्या सफरीस अजून दोनशें वर्षें अवकाश होता. कोणी म्हणेल, ती मिरची म्हणजे मिरेंच असावें. पण सोलापूर जिल्ह्यांतील अरण हें गांव अवर्षणाच्या मुलखांत. तेथें कांदा व लसूण होईल, मिरवेल कशी होणार? मला वाटतें, अभंग तोंडोतोंडीं गात गात आला आणि मळ्यांत मिरची रुजली तशी ती गाण्यांतहि रुजली. गाणाऱ्यांस ती परकी आहे हें स्मरलेंच नाहीं. भक्तीस ह्यामुळें उणेपणा येतो असें मी मानीत नाहीं. उलट, एका झाडाच्या आपलेंसें होण्याचा ह्याहून सुंदर पुरावा मला माहीत नाहीं.

ज्ञानेश्वरीच्या काळीं, १२९० मध्यें, तिखट चव कशी आणीत असत? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत पदार्थांच्या कृति आहेत; त्यांत मिरें, आलें, जिरें, हिंग हीं आहेत. राजाच्या मुदपाकखान्यांत मिरीं हवीं तितकीं. घाटावरच्या गरीबाला मात्र तीं विकत घ्यावीं लागत. त्याच्या भाकरीवर रोज तिखट पडूं लागलें तें मिरचीमुळें. हिरवी असतां ठेचा, वाळली कीं वर्षाची बेगमी, ताकांत भिजवून भरली कीं सांडगी मिरची. त्यांत आणखी एक लाभ, जो पुढें कळला. हंगेरींतील सेगेड येथें सेंट-गॉर्गी या शास्त्रज्ञानें मिरचीच्या जातीच्या पाप्रिकांतूनच 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणांत मिळविलें. त्याला १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मिऱ्यांनीं आपला जुना मान देवघरांत आणि औषधांत राखला. सुंठ, मिरें, पिंपळी हें त्रिकटु वैद्यांस आजहि लागतें. पुरीच्या जगन्नाथाच्या नैवेद्यांत मिरची वर्ज्य, मिरें ग्राह्य. काहीं घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकासहि हाच नियम आहे. आपल्या उपवासाचा नियम मात्र न्यारा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची ह्या सर्वांचें मूळ अमेरिकेंत, आणि एकादशीस चालतात हींच!

ज्यांस घरीं दोन्हीं लावावयाचीं असतील त्यांनीं मिरचीची कुंडी गच्चीच्या भर उन्हांत ठेवावी. मिऱ्यांसाठीं वेलीची छाट न घेतां फळणाऱ्या आडव्या फांदीची घ्यावी. तिचें लहान झुडूपच होतें, आधार लागत नाहीं, आणि कुंडींत वर्ष-दीड वर्षांत घोस दिसूं लागतात. तिला सज्जांतील सकाळच्या कोंवळ्या उन्हाची जागा द्यावी, आणि उन्हाळ्यांत पाण्याची पाळी चुकूं देऊं नये.