पेन्शनीनंतरचे कर्वे

निवृत्ति म्हणजे विश्रांति, असा सामान्य समज आहे. धोंडो केशव कर्वे ह्यांनीं तो खोटा ठरविला. १८९१ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले व १९१४ मध्यें निवृत्त झाले. विधवांसाठीं १८९६ मध्यें काढलेला आश्रम तोंवर हिंगण्यास स्थिरावला होता. १९१५ मध्यें ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झालें; आयुष्याचा हिशेब जणूं पुरा झाला. पण जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका त्यांना स्वस्थ बसूं देईना. १९१६ मध्यें, ५८ वर्षें उलटल्यावर, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९३६ मध्यें, ऐंशीच्या उंबरठ्यावर, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं मंडळ काढलें. कॉलेजच्या कामांतून उरलेला वेळ आश्रमास देणाऱ्या ह्या गृहस्थास निवृत्तीनें अखेर पुरा दिवस मोकळा करून दिला होता.