व्रण आणि फूल : नेत्रचिकित्सेतील पूतिरोधकांचा इतिहास

कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांत भात हे मुख्य पीक होय. आणि भाताच्या कापणी-झोडणीत डोळ्यात कुसळ जाण्याचा धोका असतोच. कुसळाने बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, खरचटले आणि तेथे सूक्ष्मजंतूंचा किंवा बुरशीचा शिरकाव झाला की व्रण होतो. तो भरून आल्यावर मागे पांढरा डाग राहतो. या डागास मराठीत 'फूल' म्हणतात. 'डोळ्यात फूल पडले' या प्रयोगात रोगाच्या परिणामास नाव मिळाले आहे, रोगास नव्हे. पूतिरोधक औषध चालते ते व्रणावर; फुलावर त्याचा काही इलाज नाही. म्हणून या औषधांच्या इतिहासात हा शब्दभेद महत्त्वाचा ठरतो.

वैद्यकाच्या संस्कृत परिभाषेत हा भेद स्पष्ट होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग गणले असून त्यांपैकी चार कृष्णमंडलाचे आहेत. त्यांत 'सव्रण शुक्र' आणि 'अव्रण शुक्र' अशी दोन वेगळी नावे आढळतात. दृष्टिभागापासून दूर असलेला, खोल न गेलेला व्रण क्वचित बरा होतो, असा तेथील अभिप्राय आहे. व्रणाची जागा आणि खोली पाहूनच आजचा नेत्रवैद्यही साध्यासाध्यता ठरवितो.

प्राचीन नेत्रौषधांत दारुहळदीच्या काढ्यापासून केलेल्या रसांजनास मोठा मान होता. त्यातील बर्बेरीन या द्रव्यास जंतुरोधक गुण आहे, हे पुढे रसायनशास्त्राने दाखविले. रसांजन हेच ग्रीकांचे 'लिकिऑन' होय, असे जॉन फोर्ब्स रॉयल याने १८३३ च्या सुमारास प्रतिपादिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोचच्या निर्यातीत लिकिऑन नोंदले आहे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचाही उल्लेख असून, तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे म्हटले आहे. कोकणचे हे बंदर आणि नेत्रौषधाचा तो व्यापार अशा रीतीने एकाच सागरी मार्गावर येतात.

आधुनिक पर्वाचा आरंभ १८६७ मध्ये लिस्टरच्या कार्बोलिक आम्लाच्या प्रयोगांनी झाला. लाइपझिग येथे क्रेडे याने १८८० पासून नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून, स्वच्छमंडलाचा नाश करणारा जन्मकालीन संसर्ग पुष्कळ कमी केला. परंतु तीव्र द्रावणाने डोळा भाजतो, हेही त्याच औषधाने शिकविले. १९५५ मध्ये शेलान्स्की यांनी पोव्हिडोन-आयोडीन पुढे आणले. १.२५ टक्के पोव्हिडोन-आयोडीनची प्रतिजैविकांशी तुलना फिलिपाइन्स व भारत येथील जंतुजन्य व्रणांवर करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोहोंच्या परिणामांत लक्षणीय अंतर आढळले नाही. बुरशीजन्य व्रणावर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने बांगलादेशात १९९८ च्या सुमारास आशा निर्माण केली. पण नेपाळमधील २०२२ च्या चाचणीत ५ टक्के नॅटामायसिन त्याहून सरस ठरले. अकँथअमीबाच्या संसर्गात मात्र क्लोरहेक्सिडीन व त्याच वर्गातील पूतिरोधके हीच प्रमुख औषधे आहेत.

यावरून पूतिरोधकाचे बळ आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत, असे दिसते. ते अनेक जातींच्या जंतूंना मारते व स्वस्त असते. म्हणून जेथे प्रयोगशाळा दूर आहे तेथे त्याचे मोल मोठे. परंतु जंतूची ओळख पटली असता विशिष्ट औषध सरस ठरू शकते. आणि त्वचेसाठी केलेली द्रावणे तर डोळ्यास अपायच करतात. यांपैकी कोणतेही औषध उपयोगी पडावयाचे तर रुग्ण व्रणाच्या अवस्थेत वैद्यापर्यंत पोहोचला पाहिजे. लोकभाषेत 'फूल' हा शब्द रुजला. 'सव्रण शुक्र' ग्रंथातच राहिले. कुसळ लागून डोळा लाल झाला, पाणी गळू लागले, उजेड सहन होईना, तेव्हा या अवस्थेसही बोलीत एक ठसठशीत नाव असणे अगत्याचे आहे. 'फूल पडले' असे म्हणण्याची वेळ येते तेव्हा औषधाचा काळ बहुधा सरलेला असतो.